एका कादंबरीचा धनी

समुद्र वऱ्हाडापासून फार लांब आहे. तिवस्याच्या माणसाला पाणी म्हटले की आठवते ती वर्धा नदी, कौंडण्यपूरचा घाट आणि ऐन पावसाळ्यात नाल्यांना येणारा लोंढा. बोट, बंदर, डेक, नांगर हे शब्द त्याला पुस्तकातच भेटतात. त्यातला नांगर तर आपल्याकडे अगदी वेगळ्या कामाचा! त्यामुळे मराठीतल्या एका नामांकित आणि तितक्याच अवघड कादंबरीचा लेखक आपल्या अमरावतीत जन्मला होता, असे सांगितले की पुष्कळांना नवल वाटते. कारण ही कादंबरी बहुतेक सगळी समुद्रावर घडते. तिच्यात शेत नाही, वाडा नाही, कापसाचा बाजार नाही, वऱ्हाडी बोलीचा एक शब्द नाही.

विश्राम बेडेकर हे त्या लेखकाचे नाव आणि 'रणांगण' हे कादंबरीचे. प्रकाशनाचे वर्ष १९३९. बेडेकरांनी त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांचे आयुष्य काढले. नाटके लिहिली, चित्रपट काढले, आत्मचरित्र लिहिले. पण दुसरी कादंबरी लिहिली नाही. शंभर-सव्वाशे पानांच्या एका पुस्तकावर कादंबरीकार म्हणून कायमचे नाव कोरले जावे, असे भाग्य आपल्या भाषेत फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

वऱ्हाडच्या मातीने कादंबरीला दिलेले दुसरे मोठे नाव उद्धव शेळके यांचे. त्यांची 'धग' १९६० साली आली. ती गाव सोडत नाही. तिची माणसे आपल्या बोलीत बोलतात आणि आपल्याच उन्हात होरपळतात. 'धग' वाचताना आपल्याला घरचे कोणी भेटल्यासारखे वाटते. 'रणांगण'चे तसे नाही. तिच्याकडे जावे लागते, आणि एकदा जाऊन भागत नाही. म्हणूनच बेडेकरांचे आयुष्य आणि त्यांचे ते एकुलते एक पुस्तक यांची गोष्ट एकत्र सांगावी लागते.

कापसाच्या गावातला मुलगा

बेडेकरांचा जन्म १३ ऑगस्ट १९०६ चा. तेव्हाची अमरावती म्हणजे कापसाचे गाव. इथला कापूस रेल्वेने मुंबईला आणि तिथून बोटीने विलायतेला जाई. समुद्र दिसत नसला तरी गावाचे बरेवाईट दिवस समुद्रापलीकडच्या भावावर ठरत. कागदोपत्री वऱ्हाड निजामाचा, पण कारभार इंग्रजांचा. १९०३ पासून तो मध्यप्रांताला जोडलेला. राजकारणात गाव अगदी पुढे होते. १८९७ चे काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले होते. लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे इथलेच. पुढे 'रणदुंदुभी' लिहून रंगभूमी गाजवणारे वीर वामनराव जोशी हेही इथलेच.

देशभक्ती आणि नाटक यांचे वेड हातात हात घालून चालत असल्याचा तो काळ होता. बेडेकरांच्या आत्मचरित्रात अमरावतीतले हे बालपण येते. त्या पुस्तकाविषयी पुढे बोलूच. इथे एवढेच लक्षात ठेवायचे की पुढे मुंबई, पुणे, सांगली आणि विलायत फिरलेला हा माणूस मुळात एका मुफसल गावातून निघाला होता. मोठ्या शहरातली माणसे ज्या गोष्टी गृहीत धरतात, त्या बाहेरून आलेल्या माणसाला जरा लांबून, तिरकस नजरेने दिसतात. ही लांबून पाहण्याची सवय बेडेकरांना शेवटपर्यंत सुटली नाही.

नाटक मंडळी आणि बोलपट

तिशी गाठण्यापूर्वी बेडेकर नाटककार झाले होते. त्यांचे 'ब्रह्मकुमारी' हे नाटक १९३३ मध्ये बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. मास्टर दीनानाथ मंगेशकर आणि चिंतामणराव कोल्हटकर यांची ही नाणावलेली संस्था. वामनरावांचे 'रणदुंदुभी' १९२७ मध्ये हिनेच गाजवले होते. म्हणजे अमरावतीच्या दोन नाटककारांना सहा वर्षांच्या अंतराने एकाच मंडळीने हात दिला.

पण काळ फिरला होता. १९३१-३२ पासून बोलपट आले आणि संगीत नाटकांचा प्रेक्षक तंबूत आणि थिएटरात जाऊन बसू लागला. कालपर्यंत तिकिटासाठी रांगा लावणारी गावे नाटक मंडळींकडे पाठ फिरवू लागली. अनेक मंडळी कर्जात बुडाल्या. बळवंत मंडळीने काळाबरोबर जायचे ठरवले आणि चित्रपट काढला, 'कृष्णार्जुन युद्ध'. साल १९३४. दिग्दर्शनात कोल्हटकरांच्या जोडीला बेडेकर होते. चित्रपट चालला नाही. मंडळीचे कंबरडे मोडले ते मोडलेच. दुसऱ्या वर्षी बेडेकरांनी गडकऱ्यांच्या विनोदी लेखनावरून 'ठकीचे लग्न' हा लहानसा चित्रपट केला.

एक कला डोळ्यांदेखत मरताना आणि दुसरी जन्म घेताना पाहणे, हा अनुभव सोपा नसतो. त्यातून बेडेकरांनी एक धडा घेतला असावा. चित्रपट करायचा तर तो नीट शिकून करायचा. १९३८ मध्ये ते त्यासाठी इंग्लंडला गेले.

परतीची बोट

त्या वर्षी युरोपात काय चालले होते हे थोडे आठवले पाहिजे. हिटलरने मार्चमध्ये ऑस्ट्रिया गिळला. जुलैमध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देशांची परिषद भरली; विषय होता ज्यू निर्वासितांचा. सर्वांनी हळहळ व्यक्त केली, आणि बहुतेकांनी आपापली दारे बंदच ठेवली. नोव्हेंबरच्या ९ आणि १० तारखेला जर्मनीभर ज्यूंची दुकाने फोडली गेली, प्रार्थनामंदिरे जाळली गेली आणि हजारो पुरुषांना छळछावण्यांत डांबले गेले. त्यानंतर ज्याला जमेल तो पळू लागला. पळायला परवानगी होती; पण बाहेर पडताना बरोबर अवघे १० मार्क नेता येत. घर, दुकान, दागिने, पेढीतली शिल्लक सगळे मागे ठेवायचे.

आणि जायचे तरी कुठे? जवळजवळ प्रत्येक देशाला परवाना लागे. मे १९३९ मध्ये 'सेंट लुईस' नावाची बोट ९०० हून अधिक ज्यूंना घेऊन क्यूबाला गेली, तिथे उतरू दिले नाही, अमेरिकेनेही घेतले नाही आणि ती युरोपात परत आली. हिंदुस्थानात उतरायचे तर ब्रिटिश सरकारची परवानगी हवी. एकच मोठे बंदर असे होते जिथे कोणी कागद मागत नसे, ते म्हणजे चीनमधले शांघाय. १९३८ ते १९४१ या काळात १७-१८ हजार ज्यू तिथे पोहोचले. त्यांतले बरेच इटलीच्या बंदरांतून निघणाऱ्या बोटींनी गेले. या बोटींचा मार्ग सुएझ कालव्यातून, एडनवरून, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग असा.

या मार्गात मुंबई होती. त्यामुळे विलायतेहून घरी परतणारे हिंदी विद्यार्थी आणि व्यापारी, आणि घर कायमचे गमावलेले जर्मन ज्यू, हे एकाच बोटीवर, एकाच जेवणघरात, एकाच डेकवर दहा-बारा दिवस काढत. एकाला मुंबईत उतरायचे. दुसऱ्याला पुढे, ज्याचे नावही नीट उच्चारता येत नाही अशा गावी जायचे. १९३९ मध्ये बेडेकर अशाच एका बोटीने परतले. महायुद्ध अजून सुरू व्हायचे होते. त्याच वर्षी 'रणांगण' प्रसिद्ध झाली. प्रकाशक होते ह. वि. मोटे.

कादंबरीत आहे तरी काय?

गोष्ट म्हणून सांगायची तर चार ओळींत संपते. चक्रधर विध्वंस नावाचा मराठी तरुण युरोपातून परत येतो आहे. मायदेशातल्या एका प्रेमभंगाने तो कडवट झालेला आहे. स्त्रियांवरचा आणि एकूणच भावनांवरचा त्याचा विश्वास उडाला आहे. बोटीवर त्याला हर्टा भेटते. ती जर्मन ज्यू तरुणी. मागे सगळे उद्ध्वस्त झालेले, पुढचे काही ठाऊक नाही. दोघे जवळ येतात. मुंबई येते. तो उतरतो. ती पुढे जाते. तिची पत्रे मागे राहतात आणि शेवटी तिला समुद्र घेतो.

पण अशी सांगितली की ही कादंबरी हातातून निसटते. १९३९ चा मराठी वाचक खांडेकर आणि फडके यांच्या कादंबऱ्यांवर पोसलेला होता. एकीकडे ध्येय आणि त्याग, दुसरीकडे रेखीव प्रेमकथा आणि नेटके कथानक. 'रणांगण'मध्ये यातले काही नाही. नायक ध्येयवादी नाही. तो बरेचदा निष्ठुर वागतो आणि आपला निष्ठुरपणा त्याला दिसतही असतो. हकीकत सरळ रेषेत जात नाही. आठवण, संभाषण, पत्र, मनातला विचार यांचे तुकडे एकमेकांत घुसतात. वाक्ये छोटी आणि साधी. पण दोन वाक्यांच्या मध्ये जे मोकळे सोडले आहे ते वाचकाने भरायचे असते. पुस्तक अवघड आहे ते यामुळे. शब्द अडत नाहीत, त्यामुळे वाचक भराभर पुढे जातो. आणि पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात येते की आपण काहीतरी मागे टाकून आलो.

शिवाय बोटीवर ही दोघेच नाहीत. निरनिराळ्या देशांची, धर्मांची, वयांची माणसे आहेत. नाझींनी हाकललेले ज्यू आहेत. त्याच बोटीवर गोऱ्या कातडीचा तोरा आहे आणि हिंदी माणसाला कमी लेखणारी नजर आहे. हिंदी मंडळींतही आपापसांतल्या भिंती आहेत. ज्याच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्यावर अन्याय करणारच नाही, असा सोयीचा हिशेब बेडेकर मांडत नाहीत. लहान मूलसुद्धा आपल्या बरोबर कोणत्या वंशाचे ओझे घेऊन चालले आहे, हे ते दाखवतात. लढाई अजून पेटलेली नाही, बंदूक कुठे दिसत नाही, तरी नाव 'रणांगण' आहे. एका डेकवर इतके द्वेष शेजारी शेजारी मांडले गेले तर दुसरे नाव देणार तरी काय?

आणि एक गोष्ट. पुस्तक छापले गेले तेव्हा पुढे काय होणार हे जगाला ठाऊक नव्हते. गॅस चेंबर, ६० लाख ज्यूंचा संहार, हे सारे नंतरचे. या विषयावर जगभर पुढे हजारो पुस्तके निघाली. पण संहाराच्या आधी, नुसत्या त्याच्या चाहुलीवर, मुंबईच्या वाटेवरच्या बोटीत बसून एका मराठी लेखकाने ही गोष्ट सांगितली. ती वाचताना आजही अंगावर काटा येतो, तो या आधी येण्यामुळे.

थंडे स्वागत

अशा पुस्तकाचे त्या काळी फारसे स्वागत झाले नाही, यात आश्चर्य नाही. परकी मुलगी, परका प्रश्न, बोटीवरचे प्रेम. वाचकांना ते आपले वाटले नाही. थोड्याच दिवसांत खरे महायुद्ध आले. कागदाची टंचाई आली, मग बेचाळीसचे आंदोलन, मग स्वातंत्र्य आणि फाळणी. या धामधुमीत एक पातळ पुस्तक बाजूला पडले.

गंमत अशी की याच धामधुमीने त्या पुस्तकाचा अर्थ आपल्या दारात आणून ठेवला. १९४७ मध्ये आपल्याकडेही माणसे केवळ जन्माने मिळालेल्या धर्मापायी घरे सोडून गाड्यांत बसली. हर्टाची गोष्ट परकी राहिली नाही. पुढच्या पिढीतल्या लेखक-समीक्षकांनी 'रणांगण' पुन्हा उघडली आणि मराठी कादंबरीने नवे वळण कुठे घेतले हे शोधताना त्यांना बोट या पानांवर ठेवावे लागले. आवृत्त्या निघू लागल्या. महाविद्यालयांतून ती अभ्यासाला लागली. इंग्रजीतही तिचे भाषांतर झाले. या शतकात जेरी पिंटो यांनी ती इंग्रजी वाचकांपुढे नेली आहे.

शेजारी आणि बाकीचे

बेडेकर मात्र कादंबरीकडे वळले नाहीत. ते पुन्हा चित्रपटात गेले. त्यांनी कथा लिहिलेला 'शेजारी' प्रभातने १९४१ मध्ये काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. हा चित्रपट आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आजही आठवतो. खेड्यातले दोन म्हातारे मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरणाच्या कामासाठी आलेला धनवंत त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटते आणि त्या पाण्यात दोघे मित्र एकमेकांना धरून जातात. हिंदीत हाच चित्रपट 'पडोसी' म्हणून निघाला, तेव्हा हिंदू म्हाताऱ्याचे काम मजहर खान यांनी आणि मिर्झाचे गजानन जागीरदार यांनी केले. ही अदलाबदलसुद्धा पुष्कळ काही सांगून जाते.

'रणांगण' आणि 'शेजारी' जोडून पाहिले तर एक धागा हाती लागतो. दोन्हीकडे साधी माणसे एकमेकांशी चांगली वागत असतात. द्वेष बाहेरून येतो आणि त्यांच्यामध्ये उभा राहतो. दोन्हीकडे शेवट पाण्यात आहे. फरक एकच. 'शेजारी'मधले मित्र शेवटच्या क्षणी एकमेकांकडे धावतात. 'रणांगण'मधला चक्रधर धावत नाही. बोटीवरून उतरतो.

पुढे १९४४ च्या 'रामशास्त्री'च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. १९४५ मध्ये त्यांनी प्रभातसाठी 'लाखाराणी' दिग्दर्शित केला. त्या चित्रपटावर गुरुदत्त नावाचा तरुण उमेदवारी करत होता. १९५० मध्ये 'वासुदेव बळवंत', १९५१ मध्ये शांतारामांच्या 'अमर भूपाळी'चे लेखन, १९६३ मध्ये हिंदीतला 'रुस्तम सोहराब'. या शेवटच्या चित्रपटात बाप आपल्या मुलाला ओळखत नाही आणि त्याच्या हातून मुलगा मारला जातो. ओळख पटते ती फार उशिरा. हा विषय त्यांनी का घेतला असेल, याचे उत्तर 'रणांगण' वाचणाऱ्याला सहज सुचते.

रंगभूमीही त्यांनी सोडली नाही. 'नरो वा कुंजरो वा' आणि 'वाजे पाऊल आपुले' ही त्यांची नाटके आली. १९८० मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, 'टिळक आणि आगरकर' हे नाटक आले. एका ध्येयाने घर सोडलेले दोन मित्र पुढे एकमेकांचे कडवे विरोधक होतात, ही महाराष्ट्राला ठाऊक असलेली हकीकत. बेडेकरांनी त्यात कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवत बसण्यापेक्षा, मैत्रीचे काय होते इकडे लक्ष दिले. पुन्हा तोच प्रश्न. तत्त्वापायी, वंशापायी, धर्मापायी माणूस माणसापासून तुटतो तेव्हा नेमके काय तुटते?

घरातल्या दोन लेखण्या

बेडेकरांच्या घराविषयी बोलल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. १९३८ मध्ये त्यांचा विवाह बाळूताई खरे यांच्याशी झाला. महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या या बाईंनी १९३३ मध्ये 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला होता. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातले बोल पहिल्यांदाच छापले गेले आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. ही विभावरी कोण, याचा शोध लोक मोठ्या रागाने घेत होते. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' आली. लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीचे काम त्यांनी जवळून पाहिले होते. त्यातून १९५० मध्ये 'बळी' ही कादंबरी उभी राहिली.

जन्माने शिक्का बसलेली माणसे आणि त्यांच्याभोवतीचे कुंपण. नवऱ्याने ते बोटीच्या कठड्यात पाहिले, बायकोने सोलापूरच्या तारेत. एकाच घरात अशा दोन लेखण्या चालत होत्या. त्यांच्यात कोणाची मोठी, असा वाद घालणारे घालोत. घरातला स्वयंपाक, पैशांची ओढाताण, चित्रपटांचे चढउतार यांतून दोघांनीही आपापले लिहिणे आयुष्यभर टिकवले, हे अधिक मोलाचे.

आपल्या भागाशी या घराचा आणखी एक संबंध आहे. १९८१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अकोल्याला भरले; अध्यक्ष गो. नी. दांडेकर होते. त्याच सुमारास सरकारी मदतीच्या आणि सत्तेच्या छायेखालच्या संमेलनाला विरोध म्हणून मुंबईत समांतर संमेलन भरवण्यात आले. त्याच्या अध्यक्ष मालतीबाई होत्या. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीचे. पाच वर्षांनी, १९८६ मध्ये, मुंबईच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद विश्राम बेडेकरांकडे आले. नवराबायकोंनी एकमेकांच्या मताला मान देऊन वेगवेगळ्या मांडवांत बसावे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

झाडावरचे दोन पक्षी

उतारवयात बेडेकरांनी आत्मचरित्र लिहिले, 'एक झाड आणि दोन पक्षी'. त्याला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नावातली कल्पना उपनिषदातली आहे. एकाच झाडावर दोन पक्षी बसले आहेत. एक फळे खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. आयुष्य जगणारा एक आणि त्याच्याकडे अलिप्तपणे पाहणारा दुसरा, असे दोघे आपल्या आत असतात.

हे नाव 'रणांगण'ची किल्लीच आहे. चक्रधरमध्ये हेच दोन पक्षी आहेत. एक हर्टावर प्रेम करतो. दुसरा ते प्रेम करणाऱ्याकडे थंडपणे पाहत राहतो, त्याची टिंगल करतो, त्याला विश्वास ठेवू देत नाही. आपण सगळे पाहणाऱ्या पक्ष्याला शहाणा समजतो. शास्त्रही त्यालाच वरचे स्थान देते. पण समोरचा माणूस बुडत असताना नुसते पाहणारा शहाणा कसा म्हणायचा? बेडेकरांनी तिशीत हा प्रश्न कादंबरीत टाकला आणि आत्मचरित्रात स्वतःपुढे ठेवला. ३० ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. मालतीबाई त्यानंतर अडीच वर्षांनी, मे २००१ मध्ये गेल्या.

तीनदा वाचायचे पुस्तक

'रणांगण' पहिल्यांदा हाती येते ती बहुधा कॉलेजात. तिवस्याहून अमरावतीला एसटीने ये-जा करणाऱ्या मुलालामुलीला ती एका दिवसात वाचून होते. त्या वयात ती प्रेमकथा वाटते. हर्टा सुंदर वाटते, चक्रधरचा राग येतो, शेवटी डोळे भरून येतात. त्यात काही गैर नाही. प्रेमकथा ती आहेच.

दुसऱ्यांदा वाचावी ती संसाराला लागल्यावर. तेव्हा लक्ष चक्रधरकडे जाते, आणि त्याचा राग करणे तितके सोपे राहत नाही. आपणही किती ठिकाणी आपले बंदर आले म्हणून उतरून गेलो, हे आठवते. बहिणीच्या घरचे भांडण, शेजाऱ्याच्या मुलावर आलेला आळ, कर्जाने खचलेला भाऊबंद. आपण वाईट वागलो नव्हतो. फक्त आपले गाव आले होते आणि आपल्याला सामान उतरवायचे होते. चक्रधर खलनायक नाही, तो आपल्यासारखा आहे, हे दुसऱ्या वाचनात कळते आणि ते पहिल्या वाचनातल्या रडण्याहून जड जाते.

तिसऱ्यांदा वाचताना मधली माणसे दिसू लागतात. हर्टाची आई, डेकवर खेळणारी मुले, आपापल्या कोपऱ्यात बसलेले प्रवासी. पहिल्या दोन खेपांना आपण त्यांना ओलांडून गेलेलो असतो. आता कळते की बेडेकरांनी बोट भरायला ती माणसे घातलेली नाहीत. प्रत्येकाजवळ एक मोडलेले घर आहे आणि प्रत्येकाच्या मनात कोणाविषयी तरी एक तिटकारा आहे. आपल्या गावचा बाजार, बसस्थानक, चावडी यांच्याकडेही मग जरा निराळ्या नजरेने पाहिले जाते. कोण कोणाजवळ बसतो, कोण कोणाच्या हातचे पाणी घेतो, कोणाचे नाव ऐकताच कोणाचा आवाज बदलतो. तिवस्याजवळच मोझरीला गुरुकुंज आहे. तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावोगाव जी माणसे एकत्र बसवली, ती एकत्र बसवण्याची गरज का पडली होती, हे समुद्रावरची एक कादंबरीही आपल्या परीने सांगते.

अवघड पुस्तकांविषयी आपल्या घरांतून एक भीती असते. ती आपल्यासाठी नाहीत, प्राध्यापकांसाठी आहेत, असे आपण समजतो. 'रणांगण'ला तसा काही विशेष तयारीचा माणूस लागत नाही. मोठे शब्द तिच्यात नाहीत. तिला फक्त सावकाश वाचणारा हवा, आणि काही वर्षांनी परत येणारा हवा. रविवारच्या एका दुपारी ती वाचून होते. घरात कोणी कॉलेजात जाणारे असेल तर त्याच्याही हाती द्यावी, आणि मग जेवताना एकच गोष्ट एकमेकांना विचारावी. बोट मुंबईला लागली होती, चक्रधर उतरण्याच्या तयारीत होता, हर्टा कठड्याशी उभी होती. त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते? उत्तर लवकर आले, तर पुस्तक पुन्हा उघडावे.